राणीछाप रुपयावरचा रंग: कुठला जपायचा, कुठला टाळायचा

चांदीचा जुना रुपया घरात सापडला की पहिली सूचना ठरलेली असते: "काळा पडलाय, चिंच लावून घासून काढ." समईला आणि ताम्हनाला ही सूचना अगदी योग्य आहे. संग्रहात ठेवायच्या नाण्याचं मात्र त्यातून कायमचं नुकसान होतं. घासलेला रुपया पुन्हा न घासलेला होत नाही.

दुसऱ्या टोकाला आता एक नवा मोह आलाय. इंटरनेटवर निळ्या-जांभळ्या, इंद्रधनुषी नाण्यांचे फोटो फिरतात, त्यांना चांगली किंमत येते, आणि नवा संग्राहक रंग दिसला की पैसे काढतो. त्यातली बरीच नाणी घरी भट्टीत किंवा रसायनात बुडवून रंगवलेली असतात.

दोन्ही चुकांमागे कारण एकच असतं: रंगाकडे पाहिलं जातं, रंगाखालच्या धातूकडे पाहिलं जात नाही. नाणं हातात आल्यावर आधी पृष्ठभाग आणि मग रंग, हा क्रम डोळ्यांना लावून घेण्यासाठी हा लेख आहे. उदाहरणाला मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया घेतलाय, कारण तो जवळजवळ प्रत्येक जुन्या मराठी घरात एखादा तरी असतोच.

आधी नाणं कशाचं आहे ते पाहा

१८३५ पासून पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदीचं प्रमाण ९१.७ टक्के राहिलं. उरलेला भाग तांब्याचा. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे रुपये याच कसाचे. गोव्यातला १८८१चा पोर्तुगीज रुपयाही याच वजनाचा आणि कसाचा होता. या नाण्यांवर चांदीचे रंग स्वच्छ उमटतात.

१९४० पासून युद्धामुळे चांदी निम्मी झाली. सहाव्या जॉर्जच्या त्या रुपयांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त आहे. इतकं तांबं असलेलं नाणं बहुधा मळकट तपकिरी होतं, कधी हिरवट डाग धरतं. त्यावर सुंदर निळा-सोनेरी थर क्वचितच येतो, म्हणून १९४४चा झगझगीत इंद्रधनुषी रुपया कुणी दाखवला तर जरा थांबा. आणि १९४७चा वाघाचा रुपया चांदीचा नाहीच. तो निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. नवे लोक तो चांदीचा समजून घेतात आणि "हा काळा का पडत नाही" म्हणून खूश होतात.

स्वातंत्र्यानंतरच्या स्मारक नाण्यांतही हाच फरक आहे. गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं, तर १९७२चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं ५० टक्क्यांचं. दोन्ही एकाच डबीत ठेवली तरी काही वर्षांनी वेगळी दिसतात.

रंग येतो कुठून

चांदी हवेतल्या ऑक्सिजनने गंजत नाही. तिला छळतो तो गंधक. हवेत अगदी नगण्य प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसू लागतो. हा गंधक गटाराच्या वायूतून येतो, गाड्यांच्या धुरातून येतो, अंडी, कांदा-लसूण, लोकर, रबर, वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठा, दिवाळीतले फटाके यांतूनही येतो. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास असतो तोही गंधकाच्याच संयुगाचा.

हा थर सुरुवातीला काही नॅनोमीटरच जाड असतो. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरून परततो, काही थरातून जाऊन खालच्या चांदीवरून परततो, आणि दोन्हींची गाठ पडली की काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावर पेट्रोलचा तवंग पसरल्यावर दिसतात ते रंग असेच तयार होतात. म्हणजे नाण्यावरचा निळा हा निळं रंगद्रव्य नव्हे. थराची जाडी आपल्याला निळी दिसत असते.

यातूनच नव्या माणसाच्या हाती सगळ्यात उपयोगी साधन येतं, ते म्हणजे रंगांचा क्रम. थर वाढत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस-तपकिरी, किरमिजी-जांभळा, गर्द निळा, मग फिकट आकाशी. इथे पहिली फेरी संपते. थर आणखी वाढला तर पुन्हा पिवळा, नारिंगी, गुलाबी-किरमिजी, आणि मग हिरवा. हिरवा हा दुसऱ्या फेरीचा रंग आहे. शेवटी सगळे रंग विझतात आणि राखाडी-काळा थर उरतो.

हा क्रम पाठ करा. कागदावर लिहून भिंगाच्या डबीत ठेवलात तरी चालेल. नाण्यावर मधोमध फिकट सोनेरी, त्याबाहेर तांबूस, मग जांभळा आणि कडेला निळा असं दिसलं, तर थर मधून कडेकडे जाड होत गेलाय आणि रंग आपापल्या जागी आहेत. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये कित्येक वर्षं राहिलेल्या नाण्यांवर अशी वर्तुळं येतात, कारण गंधक पुठ्ठ्याच्या भोकाच्या कडेतून येत असतो. पण सोनेरीला लागून एकदम हिरवा, मध्ये जांभळा-निळा काहीच नाही, असं दिसलं तर प्रश्न विचारायलाच हवा.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. थरातल्या सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी नाण्यातूनच आलेली असते. बाहेरून काही चिकटलंय, ते पुसलं की जुनं नाणं बाहेर येईल, असं होत नाही. पातळ सोनेरी थराने नाण्याचं जवळजवळ काहीच गेलेलं नसतं. जाड काळ्या थराने पृष्ठभाग खाल्लेला असतो. म्हणून काळाकुट्ट रुपया रसायनाने उतरवला की खाली चकाकी निघत नाही, निघते ती मुकी, पांढुरकी राखाडी चांदी.

नाणं कसं धरायचं, कुठल्या उजेडात पाहायचं

दातेरी कडेवर अंगठा आणि तर्जनी, खाली जाड मऊ कापड, हात धुऊन कोरडे केलेले. राजाच्या गालावर बोट टेकलं की घामाचं मीठ आणि तेल तिथे बसतं, आणि काही महिन्यांनी ठसा उमटतो. तो उमटल्यावर काढता येत नाही. नाण्यावर बोलू नका, थुंकीचे बारीक तुषार डाग पाडतात.

खोलीतली ट्यूब बंद करा. एकच पिवळसर प्रकाशाचा बल्ब किंवा टेबल-लॅम्प, नाण्यापासून हातभर वर. नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे केंद्रातून निघून चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात. टांकसाळीत ठसा पडताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा राहतात. पट्टे त्या रेषांवरून परतणाऱ्या उजेडाचे असतात. घासलं, बुडवलं, झिजलं की सगळ्यात आधी त्या रेषा जातात.

आता खरी परीक्षा. रंग कितीही गडद असो, नाणं फिरवताना रंगाच्या आतून तो पट्टा फिरताना दिसतो का? दिसत असेल तर थर पातळ आहे आणि खालचा धातू शाबूत आहे. याला बाजारात चांगलं टोनिंग म्हणतात आणि ते ठेवण्यासारखं आहे. पट्टा कुठे तरी थांबत असेल, रंग मेल्यासारखा सपाट वाटत असेल, तर थर जाड झालाय किंवा खालचा पृष्ठभाग आधीच गेलाय. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पण ते नंतर. आधी उघड्या डोळ्यांनी नाणं फिरवायची सवय लावा. भिंगाने सुरुवात करणारे लोक एक ओरखडा शोधण्यात अर्धा तास घालवतात आणि नाण्याला लस्टरच नाही हे त्यांच्या लक्षात येत नाही.

वापरलेल्या, झिजलेल्या रुपयाचं मोजमाप वेगळं. त्याला लस्टर नसणारच. तिथे चांगला रंग म्हणजे मोकळ्या जागेत आणि अक्षरांच्या सांदीत गडद राखाडी, तर उंच भागावर, म्हणजे राणीच्या मुकुटावर, गालावर, केसांवर, फिकट. हाताळल्यामुळे उंच भागावरचा थर पुसला जातो आणि खोलगट भागात टिकतो. चेहरा त्यामुळे उठून दिसतो. मला स्वतःला असा राखाडी, शांत राणीछाप रुपया कुठल्याही भडक निळ्या नाण्यापेक्षा जास्त आवडतो. बाजाराचं मत तसं नाही.

नुकसान कशाला म्हणायचं

खडबडीत काळा थर, ज्यावर बल्बचा उजेड अजिबात परतत नाही: नुकसान. त्याखाली बारीक खड्डे असणार हे धरून चाला.

हिरवट, बोटाला बुळबुळीत लागणारे ठिपके किंवा रेषा: हे चांदीचं टोनिंग नव्हेच. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून निघालेलं रसायन आहे ते. पाकिटं लवचीक ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य आणि प्लास्टिक कुजताना सुटणारं आम्ल मिळून ते तयार होतं आणि ते धातू खातं. हे एकच प्रकरण आहे जिथे नव्या माणसानेही लगेच हातपाय हलवावेत. कसे ते पुढे सांगतो.

मेणचट राखाडी किंवा जांभळट-तपकिरी थर: खारट हवेतलं किंवा जमिनीतलं क्लोराइड. कोकणातल्या आणि मुंबईतल्या किनाऱ्यालगतच्या घरांत, आणि पुरलेल्या गाडग्यातल्या नाण्यांवर हा दिसतो. पुरलेलं धन सापडलं तर रंगाचा विचार नंतर करा. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

बोटांचे ठसे, तेलाचे ओघळ, कुंकवाचे लाल डाग, पंचामृताचा चिकटपणा हे सगळं मुख्यतः दिसण्याचं नुकसान, पण मीठ आणि आम्ल आत काम करत राहतं. माळेतून काढलेल्या रुपयांवर कडी डागल्याची खूण असते. कडेला चांदीचा ठिपका किंवा घासलेली जागा शोधा. वर रंग चढवून ती झाकलेली असते.

चमकदार, पांढराशुभ्र, पण बारीक समांतर ओरखड्यांनी भरलेला रुपया हेही नुकसान आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त तेच दिसतं. रांगोळी, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर या सगळ्यांत खरवडणारे कण असतात. १८६२च्या रुपयाला तर याचा दुहेरी फटका बसतो. त्या रुपयावर पुढची अनेक वर्षं १८६२ हाच आकडा राहिला आणि मुंबई टांकसाळीत सालाच्या वर-खाली बारीक ठिपके देऊन काळ दाखवला गेला. नाण्याचा प्रकार आणि किंमत त्या ठिपक्यांवर ठरते. दर दिवाळीला घासलेल्या रुपयावर ते ठिपके मोजता येत नाहीत.

देव्हाऱ्यातल्या, लक्ष्मीपूजनातल्या रुपयाबद्दल लोक नेहमी विचारतात. तो पूजेचा रुपया आहे. त्याला हळद-कुंकू लागू द्या, तो धुवा, पुसा, त्याला संग्रहाचे नियम लावू नका. फक्त संग्रहातलं नाणं पूजेला काढू नका. दोन वेगळे रुपये ठेवा.

रंगवलेलं नाणं ओळखायला शिका

रंगीत नाण्यांची हौस मुख्यतः अमेरिकेतून आली. तिथले चांदीचे मॉर्गन डॉलर १८७८ पासून लाखोंनी पाडले गेले आणि हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशकं पडून राहिले. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर गंधकाने सुंदर रंग चढले, काहींवर कापडाची वीण उमटली, काहींवर दुसऱ्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राहिला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पिशव्या लोकांच्या हाती आल्या. खऱ्या रंगाला असा काही ना काही इतिहास असतो: पिशवी, अल्बम, पुठ्ठ्याची डबी, कागदाची पुडी. तो इतिहास रंगाच्या आकारात वाचता येतो.

बनावट रंगाला इतिहास नसतो. तो देणारे लोक पोटॅशियम सल्फाइडचं द्रावण वापरतात, नाणं उकडलेल्या अंड्यासोबत डबीत ठेवतात, पुठ्ठ्यात गुंडाळून भट्टीत भाजतात, ब्लीच लावतात, गॅसच्या ज्योतीवर धरतात. काही दिवसांत, कधी काही मिनिटांत काम होतं. पकडायचं कसं?

क्रम तपासा, तो वर सांगितलाच आहे. घाईने चढवलेल्या थरात रंग उड्या मारतात, किंवा एकच भडक निळा-जांभळा सगळीकडे सारखा पसरतो.

मग अक्षरं पाहा. खऱ्या, सावकाश आलेल्या रंगात 'वन रुपी' या अक्षरांच्या आणि वेलबुट्टीच्या अगदी लगतची जागा थोडी वेगळ्या रंगाची, बहुतेक वेळा फिकट राहते, कारण त्या आडोशाला वायू वेगळ्या प्रमाणात पोचतो. रसायनात बुडवलेल्या नाण्यावर रंग अक्षरांवरून आणि सांदीतून बेफिकीर वाहत जातो, कधी थेंबाची कडही दिसते.

ओरखडे पाहा. खोल ओरखड्याच्या तळाशी रंग आसपासच्या इतकाच ताजा आणि भडक असेल, तर ओरखडा आधी पडला आणि रंग नंतर आला एवढं नक्की. यात एकट्याने काही सिद्ध होत नाही, पण घासलेल्या ओरखड्यांच्या जाळीवर इंद्रधनुष्य दिसलं तर नाणं आधी साफ करून मग रंगवलंय, हा अंदाज सहसा खरा ठरतो. रंग हे साफसफाई लपवण्याचं सोयीस्कर पांघरूण आहे. झिजलेल्या रुपयावर झगझगीत रंग दिसला की हीच शंका आधी घ्या.

वास घ्या. ताज्या गंधकाच्या कामाला काही दिवस वास राहतो.

हे सगळं तपासूनही काही नाणी अशी असतात की जाणकारांत मतभेद होतात. निसर्गातला गंधक आणि डबीतला गंधक चांदीला सारखाच, त्यामुळे मुद्दाम अल्बममध्ये ठेवून सावकाश आणलेला रंग आणि आपोआप आलेला रंग यात रासायनिक फरक नसतो. म्हणून ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाणं तपासून त्याच्या अवस्थेला दर्जा (ग्रेड) देणाऱ्या आणि ते डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या, सावध शब्द वापरतात. अमेरिकेतल्या पीसीजीएसच्या यादीत ९१ हा क्रमांक 'शंकास्पद रंगा'साठी आहे; 'बनावट' असं ठाम विधान त्यात नाही. एनजीसी ही दुसरी मोठी कंपनी खास देखण्या नाण्याला ग्रेडपुढे तारा देते. तुम्हीही तीन खाने ठेवा: घेण्यासारखं, शंकास्पद, नको. शंकास्पद नाणं रंगाची जादा किंमत देऊन घेऊ नका.

नाण्याला काय करायचं, काय नाही

बहुतेक नाण्यांना काहीच करायचं नाही. काळपट पण लस्टर असलेल्या, सोनेरी, निळ्या, राखाडी नाण्याला हात लावू नका. नव्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं.

वरवरची धूळ, मेण, तेल, टेपचा चिकटपणा, आणि ते हिरवं पीव्हीसी काढायला शुद्ध ॲसिटोन वापरतात. ॲसिटोन चांदीला किंवा सल्फाइडच्या थराला लागत नाही, म्हणून रंग तसाच राहतो. फक्त वरचा मळ विरघळतो. नेलपॉलिश काढायचं द्रावण घेऊ नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. रसायनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा. काचेची वाटी घ्या, प्लास्टिकची नको. खिडकी उघडा, जवळपास ज्योत, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको, कारण ॲसिटोन चटकन पेट घेतं. नाणं काही मिनिटं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये हलवून घ्या, आणि कापडावर उभं टेकवून हवेत वाळू द्या. घासू नका, पुसू नका, कापसाने थोपटूही नका. मीठ किंवा पंचामृतासारखं पाण्यात विरघळणारं काही असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा. पीव्हीसीने खाल्लेला भाग ॲसिटोनने परत येत नाही, खाणं फक्त थांबतं.

चांदी उजळवणारी बुडवायची द्रावणं, ज्यांत आम्ल आणि थायोयुरिया असतो, ती सल्फाइड विरघळवतात. म्हणजे थरात गेलेली चांदी कायमची जाते. एकदा बुडवलं तर कदाचित कळणार नाही. पुन्हा पुन्हा बुडवलं की त्या बारीक रेषा सपाट होतात आणि नाणं पांढरं पण निर्जीव दिसतं. नीट धुतलं गेलं नाही तर काही महिन्यांनी तपकिरी चट्टे उठतात. अनुभवी लोक काही कुरूप नाण्यांवर ते वापरतात आणि कधी त्याचा फायदाही होतो. पहिली काही वर्षं तुम्ही ते बाटलीतच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा घरगुती उपाय दागिन्यांसाठी सांगतात. त्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरं, पण ती पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या आकारात बसत नाही. वाटी-चमच्याला चालेल. नाण्याचा रंग जातो आणि वर मुका पांढरा पृष्ठभाग राहतो.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, खोडरबर, पॉलिशचं कापड यांबद्दल वेगळं लिहीत नाही. नाहीच वापरायचं.

ठेवायचं कुठे

आपली हवा हा खरा प्रश्न आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता इतकी असते की बंद कपाटातही चांदी लवकर रंग बदलते. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या कोरड्या भागात तेच नाणं सावकाश बदलतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी टाळू नये असं छोटं आर्द्रतामापक. जेल रंग बदलतं तेव्हा ते ओव्हनमध्ये तापवून कोरडं करा किंवा नवं घाला. आषाढ-श्रावणात हे दर काही आठवड्यांनी पाहावं लागतं.

नाणं थेट कशाला टेकतंय ते महत्त्वाचं. पॉलिस्टर म्हणजे मायलारची फ्लिप (दुमडतं पारदर्शक पाकीट), पॉलिप्रॉपिलीन, कडक पारदर्शक कॅप्सूल, हे सुरक्षित. पीव्हीसीची मऊ, वासाची, दुमडल्यावर न मोडणारी पाकिटं लगेच टाका. बाजारात स्वस्तात मिळतात ती बऱ्याचदा हीच. पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलारची खिडकी असलेले होल्डर चालतात, पण त्यांचे स्टेपल चपटे दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो.

रबरबँड कधीच नको. मखमली डबी, लोकर, वर्तमानपत्र, खाकी पाकीट नको. प्लायवुडचं नवं कपाट आम्लाची वाफ सोडतं, त्यापेक्षा लोखंडी कपाट बरं. डांबरगोळ्या आणि कापूर साड्यांच्या कपाटात ठेवा, नाण्यांच्या नाही. त्यांची वाफ नाण्यावर जमते. आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवरच्या शोकेसमध्ये नाणी मांडू नका.

चांगलं टोनिंग असलेल्या नाण्यालाही हे लागू आहे. सुंदर निळा हा प्रवासातला मुक्काम असतो. थर वाढत राहिला तर निळ्यानंतर आकाशी, मग दुसरी फेरी, आणि शेवटी काळा. आजचा देखणा रंग राखायचा म्हणजे त्याची वाढ मंदावायची.

विकत घेताना

आधी पैसे न देता डोळे तयार करा. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था इथे न घासलेली नाणी कशी दिसतात ते पाहता येतं. नाणेसंग्राहक मंडळांच्या प्रदर्शनांत विक्रेत्याला विचारून नाणं हातात घेता येतं, दिव्याखाली फिरवता येतं. पुण्याच्या जुन्या बाजारात घाईत निर्णय होतात. तिथे खिशात छोटा टॉर्च ठेवा आणि पटलं नाही तर पुढे व्हा.

फोटोवरून घ्यायचं असेल तर नाणं एका दिव्याखाली फिरवतानाचा व्हिडिओ मागा. स्थिर फोटोत रंग हवा तेवढा भडक करता येतो. नाण्यासोबत फोटोत एखादं साधं पांढरं कार्ड ठेवायला सांगा. कार्डच निळसर दिसलं तर नाण्याचा निळाही कॅमेऱ्याचा आहे.

किंमत अशी लावा: हे नाणं रंगाशिवाय, याच अवस्थेत, कितीला घेतलं असतं? तेवढी किंमत आधी ठरवा. मग रंगासाठी आवडीप्रमाणे थोडं वर. झिजलेल्या, सामान्य सालाच्या रुपयावर केवळ रंगासाठी दुप्पट-तिप्पट मागितले तर सोडून द्या. उलट, विक्रेता "जरा काळपट आहे" म्हणून स्वस्त देत असलेलं, आतून पट्टा फिरणारं नाणं दिसलं तर ते घ्या. आपल्याकडे पांढऱ्या चकाकीचा मान अजून मोठा असल्यामुळे असे योग येतात.

परदेशी कंपनीच्या सीलबंद डबीतलं नाणं घेतलं तरी ते फिरवून पाहाच. डबीतही रंग हळूहळू बदलतो. स्वतःची जुनी नाणी ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.

नाणं घरी आणल्यावर शेवटचं काम. त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून, शेजारी पांढरं कार्ड ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तारीख लिहा. दरवर्षी पावसाळा संपल्यावर तसाच फोटो पुन्हा काढा. सोनेरीचा तांबूस झाला, कडेचा निळा आत सरकला, एखादा ठिपका वाढला, तर डबा, पाकीट किंवा कपाट यांपैकी काहीतरी बदलायची वेळ आली आहे.